डिस्क गोल्फमध्ये अंतर वाढवायचे तर : घरची जाळी की मोकळे मैदान?

डिस्क गोल्फ, म्हणजे प्लास्टिकची चकती (डिस्क) कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळू लागून वर्ष-दीड वर्ष झाले, पटिंग, म्हणजे बास्केटजवळची शेवटची फेक, बऱ्यापैकी बसले, पण टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारलेली डिस्क साठ-सत्तर मीटरच्या पुढे जायलाच तयार नाही, अशी अवस्था बहुतेक हौशी खेळाडूंची होते. अशा वेळी आठवड्याला जे तीन-चार तास हाती लागतात, ते घरी जाळी टांगून तिच्यात डिस्क मारण्यात घालवावेत, की दहा-बारा डिस्क पिशवीत टाकून रिकाम्या मैदानावर जावे, याचा निर्णय करावा लागतो. मी मिशिगनमध्ये राहतो. येथे हिवाळ्याचे तीन-चार महिने मैदान बर्फाखाली असते, त्यामुळे दोन्ही प्रकारचा सराव मला मनापासून करून पाहता आला.

नुसते राउंड खेळून अंतर वाढेल, ही आशा मात्र आधीच सोडून द्यावी. डेक्स्टरजवळच्या हडसन मिल्स मेट्रोपार्कसारख्या ठिकाणी १८ होल खेळायला दोन तास सहज लागतात आणि त्यात पूर्ण ताकदीने मारण्याजोगे थ्रो जेमतेम आठ-दहा मिळतात. तेही प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेने, वेगळ्या डिस्कने आणि डोक्यात स्कोअर असताना. कोणता बदल उपयोगी पडला, हे त्यातून कळणे शक्य नसते.

जाळीची खरी ताकद अशी की, तिथे अंतर दिसतच नाही, म्हणून लक्ष शरीराच्या हालचालीवर टिकते. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये, म्हणजे डिस्क छातीसमोरून मागे नेऊन मारलेल्या थ्रोमध्ये, जोर दंडातून येत नाही. एक्स-स्टेप, म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या मागून टाकत येणारी आडवी पावले, घेत पुढे आल्यावर उजवा पाय जमिनीत घट्ट रोवला जातो, त्या अडथळ्यावर आधी कंबर वळते, मग खांदे, मग कोपर आणि शेवटी मनगट उघडते. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय चेंडू सुटताना खांबासारखा ताठ राहतो, तेच काम येथे हा पाय करतो. तो गुडघ्यात ढेपाळला, तर पुढची सगळी साखळी सैल पडते. ओला टॉवेल झटकताना हात थांबतो आणि टोक सटकन पुढे जाते. डिस्कही तशीच सुटायला हवी. हे समजून घ्यायला सोपे आणि अंगात मुरायला फार अवघड आहे, कारण हात लवकर ओढण्याची सवय जात नाही. जाळीसमोर बाजूला मोबाइल ठेवून, आधी जागेवरून, मग एका पावलाने, मग पूर्ण धावेने अशी हालचाल तोडून-तोडून करता येते. चालत जाऊन डिस्क गोळा करण्यात वेळ जात नसल्यामुळे अर्ध्या तासात पन्नास थ्रो सहज होतात. खर्चही फार नाही; दोरीवर सैल सोडलेल्या दोन जाड चादरीसुद्धा चालतात, मात्र चादर ताणून बांधली तर डिस्क उसळून अंगावर येते.

जाळीचा दोष मला पहिल्या हिवाळ्यानंतर कळला. चार महिने मी आवाजावरून वेग मोजणारे ॲप लावून सराव केला आणि माझा वेग ताशी ८० किलोमीटरवरून ९२ वर गेला. एप्रिलमध्ये बर्फ वितळताच मोठ्या अपेक्षेने मैदानावर गेलो, तर ७६ मीटरचे अंतर ७८ झाले होते. प्रत्येक डिस्क सुंदर सुटत होती, चाळीस-पंचेचाळीस मीटरपर्यंत वर चढत होती, तिथे टोक आकाशाकडे करून क्षणभर थबकत होती आणि डावीकडे कलून खाली बसत होती. डिस्कचे नाक, म्हणजे तिची पुढची कड, सुटताना वर उचललेली होती. अशा डिस्कला हवेचा विरोध वाढतो आणि मिळालेला वेग उंची गाठण्यातच संपतो. तीन मीटरवरच्या जाळीला मात्र नाक वर असलेली आणि सपाट असलेली डिस्क सारखीच. मी चार महिने एक चूक अधिक वेगाने करायला शिकलो होतो.

मैदान अशी चूक पहिल्या पाच थ्रोंतच दाखवते. दोष पकडीत होता. डिस्क बोटांच्या मुळाशी धरण्याऐवजी तळव्यातल्या तिरप्या रेषेवर धरली आणि किटलीतून चहा ओततो तसे मनगट किंचित खाली झुकवले, तेव्हा त्याच वेगाने दोन आठवड्यांत ९० मीटर पडू लागले. जाळीत मिळवलेला वेग वाया गेला नव्हता, हेही येथे नमूद करायला हवे. तो वेग नसता, तर नाक खाली आणूनही इतका फरक पडला नसता.

मैदानावर कोणत्या डिस्क न्याव्यात, याला फार महत्त्व आहे. ड्रायव्हर म्हणजे लांब फेकीची डिस्क, आणि डिस्कवरचा स्पीडचा आकडा जितका मोठा, तितक्या वेगाने ती मारावी लागते. डेस्ट्रॉयरसारख्या १२ स्पीडच्या ड्रायव्हरला पुरेसा वेग मिळाला नाही, तर ती कशीही सुटली तरी लवकर डावीकडे वळते आणि चूक कोणती हे झाकून टाकते. डिस्क्राफ्ट कंपनीची मध्यम अंतराची बझ किंवा इनोव्हा कंपनीची ६ स्पीडची लेपर्ड प्रामाणिक असते. सुटताना कोन चुकला की ती उजवीकडे लोळते, वर तरंगते किंवा थरथरते. एकाच मॉडेलच्या पाच डिस्क असणे हे पाच वेगवेगळ्या महागड्या ड्रायव्हरपेक्षा सरावासाठी कितीतरी मोलाचे आहे.

मैदानालाही मर्यादा आहेत. तासाभरात चाळीसच्या आसपास थ्रो होतात आणि समोर अंतर दिसत असल्याने तंत्र सोडून ताकद लावण्याचा मोह होतो. शिवाय वारा फसवतो. डेव्हिड विगिन्स ज्युनिअर याने २०१६ मध्ये नेवाडातल्या प्रिम येथे ३३८ मीटरचा विक्रम केला, तो पाठीवरच्या जोरदार वाऱ्यात. विक्रमासाठी खेळाडू मुद्दाम अशी जागा शोधतात, पण आपल्या सरावाचे मोजमाप असे करून चालत नाही. एका टोकाकडून मारून झाल्यावर त्याच डिस्क उलट दिशेने मारल्या, तरच दोहोंच्या मध्ये आपले खरे अंतर सापडते. बास्केटची गरज नसल्यामुळे हा सराव पुण्या-मुंबईच्या मैदानावरही करता येईल; फक्त पहाटे आणि समोर कोणीही नसताना, कारण १७० ग्रॅमची कडक कडेची डिस्क ताशी ८० किलोमीटरने डोक्याला लागणे ही गंभीर गोष्ट आहे.

टेकडिस्कसारखी सेन्सर बसवलेली डिस्क जाळीत मारली, तर वेग, फिरकी आणि नाकाचा कोन लगेच फोनवर दिसतो, म्हणजे जाळीची मुख्य उणीव भरून निघते. दुसऱ्या हिवाळ्यात मित्राची अशी डिस्क महिनाभर वापरली आणि एप्रिलमध्ये पहिल्यासारखी निराशा झाली नाही. तरीही पहिल्या वर्षी हा खर्च करू नये. त्या टप्प्यावरच्या चुका बझ फुकट दाखवते.

तेव्हा निवड करायची असेल, तर ७५ मीटरच्या आत असणाऱ्याने जवळजवळ सगळा वेळ मैदानावर द्यावा आणि जाळीचा विचार बर्फ किंवा पाऊस असेल तेव्हाच करावा. त्या पुढे जाऊन शंभरच्या अलीकडे अडकलेल्या खेळाडूची अडचण बहुधा शरीराच्या क्रमात असते. त्याला आठवड्यातून एक दिवस जाळी आणि एक दिवस मैदान, ही विभागणी लाभते. कोपराचे किंवा खांद्याचे दुखणे असलेल्याने जाळीपासून जपून राहावे. चालणे नसल्यामुळे तिथे विश्रांती मिळत नाही, थ्रो मोजले जात नाहीत आणि दुखणे दुसऱ्या दिवशी कळते. मी स्वतः चाळीस थ्रोंवर थांबतो.

सध्या दर गुरुवारी संध्याकाळी मी जवळच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर जातो, कारण तिथे यार्डांच्या रेषा आखलेल्याच असतात आणि अंतर पावलांनी मोजत बसावे लागत नाही. गोलरेषेवर उभा राहून पाच बझ मारतो. पाचपैकी तीन समोरच्या टोकाकडच्या दहा यार्डांच्या रेषेपलीकडे, म्हणजे सुमारे ८२ मीटरच्या पुढे, पडेपर्यंत ड्रायव्हर पिशवीबाहेर काढत नाही.