नातवंडांशी बोलायला: रविवारचा व्हिडिओ कॉल की रोजचा साधा फोन?

नातवंडं दूर राहत असली की आजी-आजोबांना दोन्ही गोष्टी कराव्याशा वाटतात: सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल आणि रोज पाच-सात मिनिटांचा साधा फोन. नेमाने मात्र बहुधा एकच निभतं.

नातवंड चार वर्षांच्या आतलं असेल तर फार विचार करू नका, व्हिडिओच बरा. एवढी मुलं फोनवर नुसती मान हलवून उत्तर देतात आणि पलीकडे आजी ‘हॅलो, हॅलो’ करत राहते. कमी ऐकू येणाऱ्यांनाही चेहरा दिसण्याचा फायदा होतो. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात; स, श, फ निसटतात आणि शब्द पुसट होतात. ओठ दिसले तर थोडं भरून निघतं. त्यासाठी उजेड मुलाच्या तोंडावर हवा. मागे खिडकी असली तर नुसती काळी आकृती बोलते.

तरीही मूल शाळेत जायला लागलं की माझा कौल फोनला. कारण एकच: व्हिडिओवर मुलाला सारखं काहीतरी ‘दाखवावं’ लागतं. कॅमेरा सुरू झाला की मागून सूचना येतात. ‘आजीला कविता म्हणून दाखव.’ ‘नीट बस.’ ‘ते चित्र आण ना.’ मूल कंटाळून सटकतं, पडद्यावर छताचा पंखा उरतो आणि ओशाळलेले आईबाबा तब्येतीची चौकशी करतात. दोष कोणाचाच नाही, आठवड्यातून एकदाच भेट म्हटल्यावर ती साजरी व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण आजोबा प्रेक्षक होतात आणि नातू परीक्षेला बसतो. त्यात आवाज जरा उशिरा पोचला, तिघं एकदम बोलले, की कमी ऐकणारा माणूस प्रश्न विचारणं सोडतो आणि हसत बसतो. घरच्यांना वाटतं, खूश आहेत!

फोनवर दाखवायला काही नसतं. शिवाय रोज बोलणं असलं की कालचा धागा हाताशी असतो. ‘शाळेत काय केलंस?’ याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येणार. ‘तो हलणारा दात पडला का?’ याला पूर्ण हकिगत मिळते. दोन्ही घरी एकाच गोष्टीच्या पुस्तकाची प्रत ठेवून रोज दोन पानं वाचावीत आणि ऐन रंगात थांबावं. उद्याचा फोन मग मूलच मागतं. सगळ्याच घरी असं जमेल असं नाही. मितभाषी मुलांना वेळ लागतो.

फोनचा नेम मोडतो तो बहुतेक वेळेमुळे. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी लावू नका, संध्याकाळचं खाणं झाल्यावर लावा. मूल ‘ठेवतो’ म्हणालं की ठेवू द्या. ‘आमची आठवणच येत नाही का?’ हे वाक्य टाळा, त्याने पुढचा फोन शिक्षा होतो. कानामागे बसणारं श्रवणयंत्र असेल तर फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, यंत्राच्या माइकजवळ धरा. स्पीकरवर ठेवलात तर टीव्ही बंद हवा. आणि नंबर आजी-आजोबांनीच लावावा. हे काम सुनेवर किंवा लेकावर सोपवलं की त्यांच्या ऑफिसच्या धावपळीत ते पहिल्यांदा गळतं.