इंजिन बांधायचं की दुसरं आणून टाकायचं? (जुनी स्कोडा ऑक्टेविया आरएस, इंदूर)

रामबागेतल्या एका ओळखीच्या मुलाचा परवा फोन आला, दादा रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाजतोय, दिल्लीहून सव्वा लाखात वापरलेलं इंजिन मिळतंय आणि इथं आहे तेच खोलून नव्याने बांधायला दोन-सव्वादोन सांगतायत, काय करू. फोनवर अर्धा तास बोललो तरी संपेना, म्हणून लिहूनच टाकतोय. माझी गाडी 2006 ची आरएस, तीच 1.8 टर्बोवाली. हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात, चार दरवाजे आणि एवढी मोठी डिकी, पण ज्याने ती चालवलीय तो हसत नाही.

आधी माझं इंजिन कसं गेलं ते सांगतो, कारण माझा निर्णय सगळा त्यातूनच आला. चेंबरमधून, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातून, थोडं तेल पाझरत होतं म्हणून एका गॅरेजवाल्याने चेंबर काढून परत बसवलं. या इंजिनच्या चेंबरला गास्केट नसतं, सिलिकॉनवरच बसतं, आणि कंपनीच्या मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की लाइन दोन ते तीन मिलिमीटरचीच ओढा, जास्त झाली तर जास्तीचा माल आत जाऊन तेल ओढणारी जाळी चोंदवतो. पठ्ठ्याने अख्खी ट्यूब पिळली होती. वर मलाच कौतुकाने सांगितलं, “भिया, अब दस साल एक बूंद नहीं टपकेगी।” खरंच नाही टपकली.

चार महिन्यांनी ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाटाच्या चढावर तीन बीप आणि तेलाचा लाल दिवा. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, डिपस्टिक बघितली तर तेल बरोबर. त्यालाच फोन लावला, तो म्हणाला सेंसर होगा, आराम से आ जाओ. आणि मी आलो! म्हणजे सिमरोलपर्यंतच आलो, तिथून पुढे खालून ठक ठक ठक सुरू झालं आणि मग टो करून. अर्धी चूक माझी हे मला मान्य आहे. तेलाची पातळी आणि तेलाचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत होतं, पण समोरचा माणूस खात्रीने बोलला की आपलं डोकं सुट्टीवर जातं. चेंबर उघडलं तर जाळीवर सिलिकॉनच्या शेवया, तिसऱ्या नंबरच्या रॉडचं बेअरिंग फिरून गेलेलं, क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, ओरखडे.

आता तुलना. आणलेलं इंजिन स्वस्त आणि लवकर, यात वाद नाही. मला एक लाख तीस हजारात घरपोच मिळत होतं, आठवड्याभरात गाडी रस्त्यावर. गाडी रोजची असेल, ऑफिसला तीच लागत असेल तर हा मोठा मुद्दा आहे, बांधायला माझे पाच महिने गेले आणि या पाच महिन्यांत बायकोच्या अॅक्टिवावर मी पूर्ण इंदूर फिरलो.

कागदांचं म्हणाल तर तेवढं घाबरायचं काम नाही. इंजिन बदललं की नंबर बदलतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यायचा. पण त्यासाठी त्या इंजिनचा बापजादा कोण हे दाखवणारे कागद विकणाऱ्याकडून मिळाले पाहिजेत. पक्कं बिल नसेल तर मी तर हातही लावणार नाही, कारण पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी रिन्यूअल आहे आणि तेव्हा नंबर बघतात.

माझं अडलं दुसरीकडेच. विकणाऱ्याने कंप्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजतानाचा, व्हिडिओ पाठवला, चारही सिलिंडर छान. मी म्हटलं एवढं करा, चेंबर खोलून जाळीचा एक फोटो पाठवा, पाहिजे तर वरचे पाचशे देतो. म्हणाला, “खोला तो गारंटी खत्म।” आणि गारंटी म्हणजे फक्त स्टार्टिंगची, चालू झालं की तुमचं. आता बघा, माझं इंजिन ज्या गोष्टीने मेलं तीच एक गोष्ट मला बघू देत नाहीत! कंप्रेशन तर माझ्या इंजिनचंही शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम असणार, रिंगा-पिस्टनला काय झालं होतं? त्या दुसऱ्या इंजिनच्या चेंबरला कोणी किती ट्यूब पिळल्यात, कोणतं तेल टाकलंय, हे मला कळणारच नव्हतं. एका बेफिकीर मेकॅनिकमधून सुटून दुसऱ्या न पाहिलेल्या मेकॅनिकवर भरवसा ठेवायचा, हे मला जमलं नाही. तुम्हाला जमेल कदाचित, कित्येकांची आणलेली इंजिनं मस्त चालतायत, मी नाही म्हणत नाही.

तर मी बांधलं. पोलोग्राउंडला एक म्हातारे काका आहेत, गाडी न बघता आधी क्रँक मागितला, मायक्रोमीटर लावला, म्हणाले पॉइंट पंचवीसमधे निघेल, म्हणजे पाव मिलिमीटर घासला की ओरखडे जातील. क्रँक ग्राइंडिंग करून त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग, होनिंग (सिलिंडर आतून घासणं), नवीन रिंगा, हेडचं फेसिंग, आणि हेड उतरलंच होतं म्हणून वीसच्या वीस वॉल्व लॅप केले, म्हणजे घासून नीट बसवले. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप हे तर कुठल्याही पर्यायात नवीनच घाला, हा बेल्ट तुटला की वॉल्व पिस्टनवर आपटतात.

दोन जागी माझं भांडण झालं. एक रॉडचे बोल्ट. ते ताणले जाणारे असतात, एकदाच वापरायचे, 30 न्यूटन मीटरला आवळायचे आणि वर पाव फेरा. फिटर म्हणाला जुने चांगले दिसतायत. दिसणारच. नवीन मागवायला तीन आठवडे गेले, मी थांबलो. दुसरं ऑइल कूलर. बेअरिंग गेलं की त्याचा भुगा कूलरमधे जाऊन बसतो, कितीही धुवा पूर्ण निघत नाही, म्हणून कूलर नवीन, आणि टर्बोचा तेलाचा पाइपही नवीन. आणि हे आणलेलं इंजिन बसवतानाही लागू आहे बरं का, कारण बरेचदा कूलर आणि टर्बो जुन्या इंजिनचेच त्याच्यावर चढवतात, मग नवं इंजिन जुन्याचा भुगा पितं आणि दोष दिल्लीवाल्याला.

खर्च एकूण दोन लाख अठरा हजार. पहिल्या हजार किलोमीटरला तेल बदललं, त्यानंतर फोक्सवॅगनच्या 502 स्पेकचं तेल दर सात हजाराला. वर्ष झालं. आकडे माझ्याकडे नाहीत, डायनो (इंजिनची ताकद मोजायची चाचणी) वगैरे केलेलं नाही, पण सकाळी पहिल्या स्टार्टला आधी टॅपेट दोन-तीन सेकंद टिकटिकायचे ते आता चावी फिरवली की गप्प, आणि भेरूघाट तिसऱ्या गिअरमधे परत चढून आलोय, डोळे मात्र पूर्ण वेळ त्या लाल दिव्याच्या जागेवर.

त्या मुलाला मी एवढंच विचारलं की रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय का? आला असेल तर विषय संपला, इंजिन आण, बिल घे, आणि गारंटी गेली तरी बसवायच्या आधी चेंबर खोलून बघ. ब्लॉक शाबूत असेल तर माझा कल बांधण्याकडे, फक्त बांधणारा बघून. बघायचा कसा? टॉर्क पाना कुठे ठेवलाय विचारा, शोधावा लागला तर पोहे खाऊन घरी या.

आणि चेंबर बसवायच्या दिवशी सुट्टी टाका. मी टाकली होती, सिलिकॉनची ट्यूब माझ्या हातात होती, लाइन काकांनी ओढली आणि उरलेली ट्यूब मी खिशात घालून घरी आणली.