ताडोब्याचा बनावट परवाना आणि परताव्याच्या नावाखाली दुसरी लूट

मे महिन्यात ताडोब्याच्या सफारीचे परवाने मिळणे कठीण असते. उन्हाच्या तडाख्यात जंगलातले पाणी आटते, वाघ उरलेल्या पाणवठ्यांवर येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुट्या असल्याने पर्यटकांची झुंबड उडते. आमच्या कुटुंबाला फसवणाऱ्या माणसाने याच टंचाईवर आपला धंदा उभारलेला होता. येत्या हंगामात स्वतःच्या गाडीने ताडोब्याला निघणाऱ्यांना तो वेळीच ओळखता यावा, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

माझी बहीण आणि भाटवे मुलांसह नाशिकहून मोठी गाडी घेऊन वणी तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. वरोरा-भद्रावतीमार्गे ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराला जायचे ठरले. अधिकृत संकेतस्थळावर मोहर्लीच्या फेऱ्या भरलेल्या होत्या. शोधात सर्वांत वर जाहिरात म्हणून आलेल्या दुसऱ्या एका संकेतस्थळावर मात्र हव्या त्या दिवसाची सकाळ मोकळी दिसत होती. वाघिणीचे छायाचित्र, राजमुद्रेसारखे दिसणारे चिन्ह, पत्त्यातच ताडोब्याचे नाव, असा सगळा थाट सरकारी होता. अर्ज भरताच भाटव्यांना फोन आला. सफारीच्या एका उघड्या जिप्सी गाडीत सहाच पर्यटक बसतात आणि आम्ही आठ जण होतो. यावर त्या माणसाने आपणहून तोडगा काढला. ‘सरजी, तुमची गाडी मोठी आहे, तीच आत न्या, त्याचा वेगळा परवाना मी काढून देतो,’ असे तो अत्यंत अदबीने म्हणाला. आठ जणांच्या आधार कार्डांची छायाचित्रे त्याने मागवून घेतली, पैसे एका व्यक्तीच्या नावावरील यूपीआय खात्यात भरायला लावले, आणि तासाभरात क्यूआर कोड छापलेला, गाडीच्या क्रमांकासह सुबक परवाना व्हॉट्सअॅपवर आला.

पहाटे मोहर्लीच्या प्रवेशद्वारावर कर्मचाऱ्याने तो कागद पाहिला, आपल्या यादीशी नावे ताडून पाहिली आणि शांतपणे सांगितले, ‘भाऊ, हा परवाना आमच्याकडचा नाही. असे कागद घेऊन आणखीही लोक येतात.’ कोअर क्षेत्रात, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, पर्यटकाची खासगी गाडी सफारीसाठी सोडतच नाहीत. वन विभागाकडे नोंद असलेली जिप्सी, तिचा चालक आणि सोबत गाईड, याच व्यवस्थेने आत जाता येते. स्वतःची गाडी प्रवेशद्वाराशी उभी करून ठेवावी लागते. त्या ठकाने आमच्याकडून मोबाईलवर चित्रण करण्याचे शुल्कही घेतले होते, आणि कोअरमध्ये पर्यटकांना मोबाईल वापरायलाच बंदी आहे! दूरच्या शहरातून येणाऱ्याला हे नियम ठाऊक नसतात, आणि जे मुळात मिळतच नाही तेच त्याला विकले जाते.

पण खरी लूट यानंतर झाली. प्रवेशद्वारावरूनच भाटव्यांनी फोन लावला, तेव्हा त्याने तो उचलला, दिलगिरी व्यक्त केली, ‘सिस्टीममध्ये गाडीचा क्रमांक चढला नाही’ असे कारण दिले आणि पूर्ण रक्कम परत करण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकताच परतावा येण्याऐवजी पहिल्याइतकीच रक्कम पुन्हा खात्यातून गेली. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला जातो तो पैसे देण्यासाठीच. फसलेला माणूस घाईत आणि संतापात असतो, मागे मुले रडत असतात, आणि त्या अवस्थेचा हिशेब या मंडळींनी आधीच करून ठेवलेला असतो. मला तर पहिल्या फसवणुकीपेक्षा ही दुसरी अधिक नीच वाटते.

घरी आल्यावर मी त्या संकेतस्थळाचे दिनदर्शिकेचे पान पुन्हा उघडले. त्यावर मंगळवारही मोकळे दिसत होते. ताडोबा मंगळवारी बंद असतो. जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र पावसाळ्यामुळे बंद असते, फक्त बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या, फेऱ्या चालतात. त्या बनावट संकेतस्थळावर मात्र ऑगस्टमधली कोअरची सफारीही विक्रीला होती. कोणत्याही संकेतस्थळावर पैसे भरण्यापूर्वी दिनदर्शिकेतला एखादा मंगळवार आणि पावसाळ्याचे महिने उघडून पाहावेत, अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. त्याचप्रमाणे खरा परवाना ठरावीक प्रवेशद्वार, तारीख आणि सकाळ किंवा दुपारची फेरी यांच्याशी बांधलेला असतो. मोहर्ली भद्रावती-चंद्रपूरच्या बाजूला आणि कोलारा चिमूरच्या बाजूला, त्यामुळे ‘कोणत्याही गेटवर चालेल’ असे कोणी सांगत असेल तर तिथेच फोन ठेवावा.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. आम्ही दोन्ही व्यवहारांचे क्रमांक आणि वेळा सांगितल्या. दुसऱ्या व्यवहारातील काही रक्कम बँकेने रोखून धरली आहे, पहिल्यातील गेली ती गेलीच. संभाषणाचे स्क्रीनशॉट त्याच क्षणी काढावेत, कारण ठकाने आपले सगळे संदेश तासाभरात पुसून टाकले होते. राहिला प्रश्न आठ आधार कार्डांचा. ती त्याच्याकडे आहेतच, म्हणून आम्ही सर्वांची बायोमेट्रिक्स आधारच्या संकेतस्थळावरून लॉक केली आहेत आणि पोलिसांकडील तक्रारीत आठही नावे स्वतंत्रपणे नोंदवून घेतली आहेत.