मांडीची कातडी की लॅबमधली?

देवगडच्या मावसभावाच्या पोटरीवर पेजेचा उकळता टोप उलटला, जखम तळहाताएवढी पण खोल, डॉक्टर म्हणतायत ग्राफ्ट करू आणि हा मोबाईलवर स्टेम सेलच्या (म्हणजे नव्या पेशी तयार करत राहणाऱ्या मूळ पेशींच्या) जाहिराती बघून मला विचारतोय, लॅबमधली कातडी लावून घेऊ काय रे?

ग्राफ्टमध्ये मांडीवरून पातळ पापुद्रा काढून लगेच जखमेवर लावतात. मांडी दोनेक आठवडे चरचरते, कधीकधी मूळ जखमेपेक्षा तीच जास्त छळते. पण कातडी टिकते, कारण सोबत खालच्या थराचा, म्हणजे डर्मिसचा, थोडा भाग येतो. लॅबवाल्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा घेतात, त्यातल्या स्टेम सेलपासून चादरी वाढवतात, कातडीच्या पेशी लॅबमध्ये वाढवणं १९७५ पासून जमतंय, पण दोन-तीन आठवडे थांबा, खर्च कैकपट, आणि मिळतो नुसता वरचा थर, जरा घासलं की फोड. घामाच्या ग्रंथी दोन्हीत नाहीत, मे महिन्यात कळेलच.

ज्याचं अर्ध्याहून जास्त अंग भाजलंय, काढायला चांगली कातडीच उरली नाही, त्याला लॅबची. तुला मांडीचीच बाबा, आणि टाके सुकेपर्यंत होडीवर जाऊ नको.