बाल्कनीत पक्षी यायला हवेत, तर दाणे ठेवायचे, पाणी ठेवायचं की कुंड्या लावायच्या?

मामेबहीण गेल्या महिन्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेली, पुण्यातच, तिसरा मजला, पूर्वेकडे छोटी बाल्कनी आणि समोर एक जुना आंबा. तिचा फोन आला की ताई मला पक्षी बघायचेत, ऑनलाइन तो दाण्यांचा फीडर मिळतो तो मागवू का. मी तिला आधी थांब म्हटलं, आणि मग जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण माझ्याकडे तिन्ही गोष्टी करून झाल्यात आणि तिन्हींचा अनुभव खूप वेगळा आहे.

आधी दाणे. दाणे टाकले की दुसऱ्या दिवशी कुणीतरी येतंच, त्यामुळे नवीन माणसाला तेच बरं वाटतं. मीही चिमण्यांसाठी बाजरीचा ट्रे टांगला होता, पहिला आठवडा चार-पाच चिमण्या आल्या पण, आणि मग कबुतरं आली ती गेलीच नाहीत. कबुतर म्हणजे मूळचा कडेकपारीत राहणारा पारवा, त्याला आपली बिल्डिंग म्हणजे कडाच वाटतो, एसीच्या मागची जागा म्हणजे कपार. त्यात पारवा पिल्लांना स्वतःच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतो, त्यामुळे आईबापाला दाणे मिळत राहिले की तो वर्षात कधीही दोन अंडी घालून मोकळा. चिमणीचं तसं नाही, ती दाणे खाते पण लहान पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. म्हणजे बघा, आपण चिमणीसाठी म्हणून बाजरी टाकतो आणि त्या बाजरीवर वाढतात कबुतरांची पिल्लं, चिमणीच्या पिल्लाला त्याचा फारसा उपयोगच नाही. हे मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

शिवाय आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना जुना खोकला, आणि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ रोज श्वासात गेली तर काही लोकांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येते, ती वाढली तर फुफ्फुसं कायमची खराब होऊ शकतात. मी ट्रे काढला. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायच्या जागेवरून, ती बंद करण्यावरून मुंबईत जे वाद झाले ते सगळ्यांनी वाचलंच असेल, त्यामुळे सोसायटीत भांडणं नको असतील तरी हा विचार आधी करा.

दाणे कुणी ठेवावेत? बंगला किंवा तळमजला आहे, अंगणात चिमण्या आधीपासून आहेत, तर मूठभर तांदळाची कणी किंवा बाजरी सकाळी, तासाभरात संपेल एवढीच, आणि भोवती अशी जाळी की चिमणी आत जाईल पण कबुतर जाणार नाही. फरसाण, ब्रेड, मीठ घातलेला भात अजिबात नको.

आता पाणी. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करा. दाण्यावर फक्त दाणे खाणारे येतात, पण पाणी सगळ्यांनाच लागतं, त्यामुळे जे पक्षी आपल्या बाजरीकडे ढुंकूनही बघणार नाहीत ते पाण्यावर येतात, बुलबुल, दयाळ, शिंपी (पानं शिवून घरटं करणारा छोटा पक्षी), आणि नशीब असेल तर चष्मेवाल्यांचा, म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या इवल्या पक्ष्यांचा थवा, एकदम सात-आठ जण, कडेला ओळीने बसून आंघोळ करतात ते बघताना माझा चहा रोज गार होतो. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड ठेवा म्हणजे छोट्यांना पाय टेकवता येतो. स्टीलचं नको, एप्रिलमध्ये चटका बसेल इतकं तापतं. कठड्याच्या बाहेर लटकवू नका, खाली कुणाच्या डोक्यात पडलं तर काय घ्या.

त्रास एकच, रोज करावं लागतं. रोज पाणी ओतून टाकायचं आणि काथ्याने घासायचं, साबण नको. डासाच्या अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे रोज ओतलं आणि घासलं की डेंग्यूची भीती राहत नाही, पण चार दिवस गावाला जाणार असाल तर परळ पालथं घालून जा. कावळे कुठून कुठून वाळलेली पोळी आणून त्यात भिजवतात, त्या दिवशी दोनदा धुवायचं. आणि हो, पाण्यावर कबुतरंही येतात, पण दाणे नसले तर माझ्याकडे तरी पिऊन निघून जातात. पिताना बघा, बुलबुल एक घोट घेऊन मान वर करतो, कबुतर चोच बुडवून सलग ओढून पितं. पावसाळ्यात मात्र परळाकडे फारसं कुणी फिरकत नाही, खरी मजा फेब्रुवारी ते मे.

कुंड्या सगळ्यात हळू, सहा महिने तरी धरा, पण जे बघायला मिळतं ते बाकी दोन्हींत नाही. पाण्यावर पक्षी येतो आणि जातो, झाडावर तो राहतो. एकेरी पाकळीची जास्वंद, हॅमेलिया (नळीसारख्या केशरी फुलांचं झुडूप) आणि कढीपत्ता, एवढ्या तीन कुंड्या पूर्वेच्या तीन-चार तासांच्या उन्हात चालतात. जास्वंदीवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा बाकदार चोचीचा छोटा पक्षी, येतो आणि समोरून चोच पोचली नाही तर फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितो. जांभळा शिंजीर नर विणीच्या दिवसांत निळा-जांभळा चमकतो, नंतर पिसं बदलली की पोट पिवळट आणि मधोमध एक काळी पट्टी, मी पहिल्या वर्षी त्याला वेगळाच पक्षी समजून वहीत लिहिलं होतं. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल खातात. मागच्या वर्षी तर शिंप्याने जास्वंदीचीच दोन पानं शिवली, कोळ्याचं जाळं आणि कापूस घेऊन, टाके दिसत होते. त्यासाठी एक अट आहे, औषध फवारायचं नाही. पानावरच्या अळ्या म्हणजेच पिल्लांचं जेवण, शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. कुंडीची पानं थोडी कुरतडलेली दिसणार, ते चालवून घ्यायचं.

ऊन अजिबात नसेल तर कुंड्यांवर पैसे घालवू नका, भाड्याचं घर असेल तर नुसतं परळ, स्वतःचं घर आणि ऊन असेल तर परळ आणि कुंड्या दोन्ही. फीडरचे पैसे वाचले ते दुर्बिणीसाठी बाजूला ठेवा, 8 बाय 42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंग 42 मिलिमीटरची, 10 पटीची हातात जास्त हलते. तोवर मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, फुकट आहे, पण ते सांगेल ते डोळ्यांनी बघूनच खरं माना.

आणि ज्यांच्याकडे आधीच दाणे टाकणं चालू आहे त्यांनी दर दोन दिवसांनी मूठ कमी करत न्या, पंधरा दिवसांत बंद करा. आधी एसीच्या मागे डोकावून बघा, अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, मग जागा ओली करून, तोंडाला मास्क लावून साफ करा आणि जाळी बसवा. कोरडं झाडू नका.