पाहुण्यांच्या खोलीची भिंत : पॅनल की चुना?

आमच्याकडे पाहुणे हवापालटाला येत नाहीत, मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येतात. हनुमाननगरात आजोबांनी बांधलेलं आमचं बैठं घर आहे, तिथून मेडिकल पायी पंधरा मिनिटं. मेडिकल कॉलेज १९४७ सालचं, घर त्यानंतर दहाएक वर्षांनी झालं. तेव्हापासून गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, जिथे म्हणून आमची सोयरीक आहे तिथला पेशंट वॉर्डात भरती झाला की सोबतचं माणूस आमच्या मागच्या खोलीत उतरतं. डबा आमच्या घरून जातो, रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या जातात. डिसेंबरात अधिवेशन भरलं की एखादी फाईल काखेत मारून आलेला दूरचा भाऊ असतो, आणि लग्नसराईत तर विचारूच नका.

ही खोली आम्ही दोनदा नीट केली. पहिल्यांदा भिंतीला पीव्हीसी पॅनल लावले, दुसऱ्यांदा ते काढून चुना केला. भिंती त्याच, खोली तीच, माणसंही तीच, म्हणून दोन्हींबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नसावी. ज्यांचं घर जुनं, विटांचं आहे आणि दर पावसाळ्यानंतर ज्यांना खाटेखालचे पोपडे झाडावे लागतात, त्यांच्यापुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

आधी भिंतीचं दुखणं सांगतो, नाहीतर पुढचं पटणार नाही. त्या काळच्या पुष्कळ घरांसारखा आमच्या जोत्यातही ओल अडवणारा थर नाही. खाली काळी माती. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला, उंचही झाला, आणि आमची पायरी जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आली. विटा पाणी वर ओढतात, कंदिलाची वात तेल ओढते तसं. वडिलांनी ऐंशीच्या दशकात जुना चुन्याचा गिलावा पाडून सिमेंटचा करून घेतला, तेव्हा तीच प्रगती होती. पण सिमेंटचा गिलावा भिंतीतलं पाणी सहजी बाहेर पडू देत नाही. मग ते आतल्या आत आणखी वर चढतं, वाट मिळेल तिथे बाहेर येतं आणि येताना क्षार घेऊन येतं. तोच तो लोणा. बोटाने पुसला तर मिठासारखा हाताला लागतो.

यावर आम्ही पुट्टी आणि प्लास्टिक पेंट किती वेळा केला याचा हिशेब ठेवलेला नाही. जूनच्या आधी रंगवलं की गणपतीला फुगारा धरायचा आणि दसऱ्याला पोपडा हातात. हा तिसरा पर्याय मी इथेच सोडून देतो.

२०१९ साली पुतणीच्या लग्नाच्या आधी पॅनल लावले. लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या, त्यावर पॅनल एकात एक अडकवत जायचे. दोन माणसांनी दोन दिवसांत खोलीचं रूपडं पालटून टाकलं, आणि तेही घरात मिठाईची कढई चढलेली असताना. फिक्या सागवानी रंगाचे, थोडी चमक असलेले पॅनल होते. बायको म्हणाली, "अहो, हॉटेलच्या रूमसारखं दिसतंय." ते कौतुक होतं. पुसायला तर इतके सोपे की औषधाची बाटली सांडो की वरणाचा हात लागो, ओल्या फडक्याने काम भागायचं. आजारी माणसाच्या खोलीत हा गुण मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पोपड्यांचा त्रास एका दिवसात संपला.

म्हणजे दिसायचा थांबला. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीत एक बंद वास यायला लागला, बरेच दिवस न उघडलेल्या पेटीसारखा. पुढे उन्हाळ्यात आणखी एक गंमत कळली. प्लास्टिक उन्हाने वाढतं आणि गारव्याने आखडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, दुपारभर पश्चिमेची भिंत तापते, संध्याकाळी कूलर सुरू झाला की तासाभरात पॅनल 'टक्, टक्' आवाज करायला लागतात. याचीही सवय होते. झालीच होती.

सवय झाली नाही ती पालीची.

पॅनल आणि भिंत यांच्यामध्ये बोट-दीड बोट पोकळी राहते. तिथे अंधार असतो, गारवा असतो, ओलीमुळे किडेही असतात, म्हणजे पालीला आणखी काय हवं? वर छताजवळ एका कोपऱ्यात पट्टी थोडी सुटली होती, तिथून ती आत गेली असावी. मग मुक्कामच केला. रात्री सगळं निवांत झालं की पॅनलच्या आतून तिच्या पायांचा आवाज यायचा, कोरा कागद हळूहळू चुरगाळल्यासारखा. कधी उशाशी, कधी पायथ्याशी. पॅनलवर थाप मारली की दोन मिनिटं गप्प.

गोंदियाच्या मावशी आल्या होत्या. काकांचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. रात्री दहाच्या सुमारास त्या खाटेवर बसून मला सांगत होत्या, डॉक्टर काय म्हणाले, सही कुठे कुठे घेतली, रक्त द्यायला कोण येणार. "उद्या सगळं नीट होईल नं बापू?" त्यांनी विचारलं, आणि माझं "हो" तोंडातच असताना भिंतीच्या आतून पाल चुकचुकली. तीनदा, अगदी स्पष्ट. मावशींनी खाटेच्या लाकडावर बोट आपटलं, "कृष्ण, कृष्ण" म्हणाल्या आणि त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. पाल समोर असती तर झाडूने हाकलली असती, हसलो असतो, विषय संपला असता. भिंतीच्या आतल्या पालीला कसं हाकलणार? ती रात्र त्यांनी बाहेर छपरीत आरामखुर्चीत काढली. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूस नाही, काकाही ठणठणीत बरे होऊन घरी गेले, पण ज्या खोलीत माणसं नेमकी काळजी घेऊनच येतात त्या खोलीच्या भिंतीत पाल असू नये, एवढं माझं त्या रात्री पक्कं झालं.

पॅनल काढले तेव्हा आत जे दिसलं ते लिहीत नाही. लोणा आता कमरेएवढा नव्हता, छातीपर्यंत आला होता. खालच्या लाकडी पट्ट्या नखाने सुटत होत्या.

चुन्याचं काम करणारा मिस्त्री शोधायलाच महिना गेला. "पुट्टी करून देतो नं भाऊ, चुना कोण करते आता?" हे चार जणांकडून ऐकलं. पाचवे भेटले ते साठीच्या पुढचे. वडिलांबरोबर जुन्या वाड्यांची कामं केलेले. त्यांनी भिंतीला तळवा लावला, नखाने थोडं उकरलं आणि म्हणाले, "पाणी खालून चढून राह्यलं, अन् तुम्ही वरून त्याचं तोंड दाबून राह्यले. कुठून निंगन ते?"

सिमेंटचा गिलावा पार विटेपर्यंत काढला. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, नाहीतर क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. भिंत उघडी ठेवून दोन महिने सुकू दिली. बाहेरून भिंतीला टेकलेली माती उपसून चर खणला, गिट्टी भरली आणि पाण्याला उतार काढून दिला. हे बाहेरचं काम तुम्ही पॅनल लावा, चुना करा किंवा काहीच करू नका, आधी करा. आम्ही पॅनलच्या वेळी केलं नव्हतं, म्हणून माझी तुलना त्या बाबतीत थोडी पॅनलवर अन्याय करणारी आहे, हेही कबूल.

कळीचा चुना लोखंडी टाकीत विझवला. पाणी पडल्याबरोबर तो खदखदून उकळतो, वाफ उठते, लहान मुलांना त्या दिवशी अंगणात येऊ दिलं नाही. पंधरा दिवस पाण्याखाली ठेवल्यावर त्याचं लोणी होतं. त्यात वाळू, विटेची सुर्खी आणि गुळाचं पाणी. मिस्त्रींच्या वडिलांच्या काळी बेलफळाचा गरही घालत, आम्ही गुळावर भागवलं. गिलाव्याचे दोन हात झाले, प्रत्येक हातानंतर ओली पोती टांगायची आणि दिवसातून दोनदा शिंपडायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होत जातो, त्याला ओलावा लागतो आणि वेळ लागतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं. एप्रिल-मेच्या नागपुरात तो घट्ट होण्याआधीच वाळतो आणि भुकटी होऊन बसतो.

वरून चुन्याचे पातळ हात, ताकाइतके पातळ. पहिला हात मारला त्या संध्याकाळी बायकोने खोलीत डोकावून विचारलं, "नुसतं पाणीच मारलं का हो?" ओला चुना दिसतच नाही. सकाळी उठून पाहतो तर भिंत पांढरी. शेवटच्या दोन हातांत चिमूट-चिमूट पिवडी घातली. तो रंग सकाळी एक दिसतो आणि दिवा लावल्यावर दुसरा, एवढंच सांगतो, कारण फोटोत तो साधा मळका पिवळा येतो.

आता चुन्याची उणी बाजू. पॅनलला दोन दिवस, याला सुकवण्यासकट चार महिने. तेवढ्या काळात आलेले पाहुणे बैठकीत झोपले. खर्च शेवटी पॅनलच्या दीडपट झाला, त्यातला निम्म्याहून जास्त मजुरीचा आणि जुना गिलावा काढण्याचा. चुना अंगाला लागतो, काळी पँट घालून भिंतीला टेकलात तर पाठीवर सही घेऊनच उठाल. मी त्यावर उपाय म्हणून बुरडाकडून बांबूची चटई विणून घेतली आणि खाटेच्या बाजूला भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली, हवा खेळती राहावी म्हणून. चटईमागे हात घालता येतो, झाडू घालता येतो. तेलकट डाग पुसता येत नाही, वरून हात मारावा लागतो, पण तो डबाभर चुन्यात घरच्या घरी होतो.

आणि ओल गेली का? नाही. ऑगस्टमध्ये खाली वीतभर पट्टा गडद होतो, दिवाळीपर्यंत आपोआप फिका पडतो. पोपडा मात्र अजून धरलेला नाही, दोन पावसाळे झाले. खोलीचा तो पेटीचा वास गेला. कूलर रात्रभर चालला तरी सकाळी खोली दमट वाटत नाही, निदान मला तरी. मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मी आपला मावशींच्या गुडघ्यांवर विश्वास ठेवतो, त्या यंदा आल्या तेव्हा म्हणाल्या, या खोलीत यंदा बरं वाटून राहिलं.

वॉलपेपरचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी खिडकीत कूलर लागतो की नाही एवढंच पाहावं. होळीला कूलर निघाला की त्याच्या तोंडासमोरचे कागदाचे सांधे सुटायला लागतात. शेजाऱ्यांकडे पाहिलंय.

पॅनल वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही. माझ्या मेहुण्याने मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, तेच पॅनल लावलेत, भिंत कोरडीठाक आहे आणि तो खूश आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं. प्रश्न भिंतीत पाणी आहे का, एवढाच आहे. ते पाहायची साधी युक्ती आहे. कूलर बंद असलेल्या दिवसांत जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवायचा आणि दोन दिवसांनी पाहायचा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेतलं आहे. आत थेंब दिसले आणि तरीही लग्न पंधरा दिवसांवर असेल, तर पॅनल लावा, पण वरच्या आणि खालच्या पट्ट्या स्वतः उभं राहून बंद करून घ्या, कारागिरावर सोडू नका. दिवस हातात असतील तर मी चुन्याकडेच बोट दाखवीन.

काढलेल्या पॅनलपैकी चांगले निघाले ते आम्ही न्हाणीघराच्या छताला लावले. पाल बहुतेक तिथेही पोचली आहे, रात्री आवाज येतो. पण न्हाणीघरात बसून कोणी ऑपरेशनच्या गोष्टी करत नाही.