'विल अँड ग्रेस' की 'द गोल्डन गर्ल्स': आईसोबत बसून काय बघावं?

काही महिन्यांपूर्वी एका तरुण मित्राने विचारलं, "मी गे आहे हे घरी सांगून टाकलंय. आई चिडली नाही, रडलीही नाही, पण तेव्हापासून विषयच काढत नाही. तिच्यासोबत बसून बघता येईल अशी एखादी जुनी कॉमेडी सांग ना." त्याच्या डोक्यात 'विल अँड ग्रेस' होती. बहुतेकांच्या तीच असते. माझ्याही होती.

मी या वाटेने जाऊन आलोय म्हणून लिहितो. दोन्ही मालिका एनबीसी या अमेरिकी वाहिनीच्या, दोन्ही समोर प्रेक्षक बसवून चित्रित झालेल्या, दोन्हीत चार माणसं आणि एक घर. कथानक कुठेही वाचायला मिळेल, त्यात शिरत नाही. 'एलेन' ही तिसरी मालिका मुद्दाम बाजूला ठेवली आहे. 30 एप्रिल 1997 च्या भागात एलेन विमानतळावर 'मी गे आहे' म्हणते आणि समोरचा माईक चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू जातं. तो क्षण फार मोठा आहे. पण त्याआधीची एलेन ओळखीची असेल तरच तो भिडतो. एवढाच भाग काढून आईपुढे ठेवला, तर ती एक जुनी बातमी होऊन बसते.

आधी 'विल अँड ग्रेस'चं जे देणं आहे ते देऊन टाकतो. मूळ मालिका 1998 ते 2006, आठ सीझन, ऐन प्राइम टाइमला, आणि विल हा गे माणूस चक्क नायक. पाहुणा नाही, शेजारी नाही, नायक. पुढे 2012 मध्ये जो बायडन उपाध्यक्ष असताना टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाले होते, की अमेरिकन जनतेला शहाणं करण्यात या मालिकेइतका वाटा क्वचितच कशाचा असेल. मला ते पटतं. फेब्रुवारी 2000 मधला एक भाग तर जरूर बघा. एका मालिकेत दोन पुरुषांचं चुंबन दाखवणार अशी जाहिरात झालेली असते, विल आणि त्याचा गे मित्र जॅक डोळे लावून बसतात, आणि नेमक्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो. जॅक चॅनेलवाल्यांना जाब विचारायला निघतो. शेवटी सकाळच्या थेट कार्यक्रमाच्या कॅमेऱ्यासमोर विल त्याचं चुंबन घेतो. आपलं चॅनेल आपल्याला काय दाखवत नाही हे त्याच चॅनेलवर सांगायचं, यासाठी हिंमत लागते.

आता माझी अडचण सांगतो. आई सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आली तेव्हा डिसेंबर होता. बाहेर बर्फ, साडेचारलाच अंधार, त्यामुळे संध्याकाळी टीव्हीला पर्याय नव्हता. आई निवृत्त शिक्षिका, इंग्रजी वाचायला चोख, पण बोलण्याचा वेग झेपत नाही म्हणून खाली सबटायटल्स. तिला फोनवर सांगून दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत त्यावर एक वाक्य झालं नव्हतं. मी 'विल अँड ग्रेस' लावली.

सोफ्यावर बसून ती मेथी निवडत होती. जॅक दारातून आत आला, अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि प्रेक्षकांत हशा. त्याने मनगट जरा वळवलं, पुन्हा हशा. आईही हसली. मीही हसलो, कारण शॉन हेज तो जॅक फार सुरेख करतो. तिसऱ्या संध्याकाळी मात्र आईने मेथीची काडी हातात तशीच धरून मला अगदी मनापासून विचारलं, "अरे, तुझे मित्रही असेच बोलतात का?"

मी रिमोट उचलून भाग थांबवला, पण उत्तर सुचलं नाही. जॅक हा त्या चौघांत कधीही न लपलेला माणूस आहे, म्हणून मला तो विलपेक्षा जास्त आवडतो. पण हे कळायला आधी आपल्यासारखी दहा माणसं पाहिलेली असावी लागतात. आईने एकच पाहिला होता, मी. आणि पडद्यावरची माणसं माझ्या जातकुळीतल्या माणसाच्या नुसत्या चालण्याला हसत होती. तिथे मला ती मालिका टोचली. नंतर मी हशाकडेच कान देऊन काही भाग पाहिले. मोजदाद केली नाही, पण विल स्वतःच जॅकला त्याच्या बायकी वागण्यावरून चिडवतो आणि तिथे हशा हमखास असतो, हे कानाला चांगलंच कळलं. आपल्या माणसांत अशी चेष्टा चालते, हे मान्य. पण बाहेरून आलेल्या माणसाला आतली चेष्टा आणि बाहेरची टिंगल यातला फरक कसा कळावा?

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. गायिका शेर, ब्रॉडवेची नाटकं, न्यूयॉर्कची दुकानं, दर अर्ध्या मिनिटाला कोणाचं तरी नाव. समजावून सांगता सांगता विनोद शिळा होतो.

आठवड्याभराने मी 'द गोल्डन गर्ल्स' लावली. 1985 ते 1992, मायामीत एका घरात राहणाऱ्या चार वयस्क बायका: डॉरथी, रोझ, ब्लांश आणि डॉरथीची आई सोफिया. पहिल्याच भागात आई सावरून बसली. रात्री झोप येईना म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जमून बोलत बसणाऱ्या बायका तिला नव्या नव्हत्या. चीजकेकच्या जागी चहा ठेवला की झालं आमच्या साताऱ्याच्या वाड्यातलं स्वयंपाकघर.

दुसऱ्या सीझनमध्ये, 1986 च्या एका भागात, डॉरथीची कॉलेजची मैत्रीण जीन राहायला येते. ती लेस्बियन आहे, तिची जोडीदार नुकतीच वारलेली आहे, आणि तिचा जीव भोळ्या रोझवर जडतो. ब्लांशला 'लेस्बियन' आणि 'लेबनीज' यात गोंधळ होतो. डॅनी थॉमस त्यातलाच ना, असं ती विचारते. हा नट लेबनीज वंशाचा. पुढे कळतं की जीनला रोझ आवडते, तर ब्लांश संतापते, कारण जीनला आपण का नाही आवडलो! आता हशा कुठे पडतोय बघा. ब्लांशच्या अज्ञानावर पडतो, तिच्या तोऱ्यावर पडतो. जीनवर एकदाही नाही. जीन बोलते तेव्हा प्रेक्षक गप्प ऐकतात. म्हातारी सोफिया सहज सांगून जाते, की माझं एखादं मूल असं असतं तर माझी माया तसूभरही कमी झाली नसती. आईचा हात थांबला होता. ती काही बोलली नाही, मीही भाग थांबवला नाही.

या मालिकेतली उणीवही सांगायला हवी. इथली गे माणसं पाहुणी म्हणून येतात आणि निघून जातात. पहिल्या भागात कोको नावाचा गे स्वयंपाकी घरातच राहत होता. दुसऱ्या भागापासून तो नाहीसा झाला, कोणी त्याचं नावही काढलं नाही. रोज तुमच्यासारखं कोणीतरी पडद्यावर दिसावं ही तुमची गरज असेल, तुम्ही एकटे बघणार असाल, वय विशीचं असेल, तर 'विल अँड ग्रेस' घ्या. त्या वयात मलाही तीच लागली असती. आणि कोणाच्या घरी आई जॅकच्या प्रेमातही पडेल, नाही कसं म्हणू?

पण आईसोबत बघायचं असेल तर माझा कल उघड आहे. ब्लांशचा धाकटा भाऊ क्लेटन चौथ्या सीझनमध्ये तिला सांगतो की तो गे आहे, आणि ती कशीबशी ते गिळते. सहाव्या सीझनमध्ये, जानेवारी 1991 च्या भागात, तो डग नावाच्या जोडीदाराला घेऊन येतो आणि म्हणतो, आम्ही लग्न करतोय. ब्लांशचं म्हणणं असं, की तो गे आहे ते मी मान्य केलं, पण अंगठी घालून जगाला कशाला सांगायचं? हे 'लोक काय म्हणतील'च आहे, अगदी आपल्या दिवाणखान्यातलं. सोफिया तिला विचारते, तू जॉर्जशी लग्न का केलंस? ब्लांश म्हणते, आमचं प्रेम होतं, जन्माची साथ द्यायची होती, आणि ते सगळ्यांना कळावं असं वाटत होतं. सोफिया म्हणते, त्यांनाही तेच हवंय. सोबतीने म्हातारं व्हायला प्रत्येकाला कोणीतरी हवं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असं लग्न देशभर मान्य केलं ते 2015 मध्ये, या भागानंतर 24 वर्षांनी. भारतात 2023 मध्ये न्यायालयाने नकार दिला, म्हणजे क्लेटनचा प्रश्न आपल्याकडे अजून उभाच आहे.

हा भाग आईने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला सांगितला.

तुम्ही बघणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी दोन-चार साधे भाग, मग जीन, मग क्लेटनचे दोन्ही. सोफियाच्या मुलाच्या, फिलच्या, अंत्यविधीचा 1990 चा भाग अगदी शेवटी. फिलला बायकांचे कपडे घालायला आवडायचं, आणि मालिकेने वर्षानुवर्षं त्यावर विनोद केले. तिथे हशा त्याच्यावरच पडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या भागात मात्र सोफिया कबूल करते, की त्याला पाहिलं की दर वेळी मनात यायचं, माझं काय चुकलं, कुठल्या दिवशी चुकलं. आणि मग लेकासाठी रडते.

भाग संपल्यावर आई बराच वेळ तशीच बसून होती. मग म्हणाली, "तो फिल एकदाही दिसला नाही का रे?"

नाही दिसला, म्हटलं. सात सीझनमध्ये एकदाही नाही.

"दाखवायला हवा होता," ती म्हणाली, आणि मेथीची परडी घेऊन आत गेली.